जुना संगणक, नवा संगणक : भाग ४
फाइल आली, पण मराठी कुठे गेली?

फोटो, गाणी, पत्रव्यवहार नव्या संगणकावर कसा न्यायचा ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आजचा भाग मराठी लिहिणाऱ्या आणि छापणाऱ्या पुणेकरांसाठी आहे, आणि या लेखमालेत मला तोच सगळ्यात निकडीचा वाटतो.

विंडोज १० चं नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते बऱ्याच जुन्या यंत्रांत नाही. म्हणजे पेठांमधले डीटीपीवाले, छोटे प्रकाशक, संस्थांची कार्यालयं यांना आज ना उद्या यंत्र बदलावंच लागणार. आणि त्या यंत्रांत काय काय पडलेलं असतं! दिवाळी अंक, स्मरणिका, कुलवृत्तान्त, मंडळांचे अहवाल. यातलं पुष्कळसं दुसरीकडे कुठेच नाही.

फाइल पेनड्राइव्हवर घेतली, नव्या यंत्रावर उघडली, की समोर येतात टोप्या-टिंबं चढवलेली निरर्थक रोमन अक्षरं. अनेकांना वाटतं, फाइल खराब झाली. तसं नसतं. फाइल जशीच्या तशी आलेली असते. मागे राहिलेला असतो तो फाँट.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १९९०च्या दशकात फाँटमध्ये जेमतेम २५६ जागा मिळत. देवनागरीची जोडाक्षरं त्यात मावणं अशक्य. म्हणून फाँट करणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे पाडले (अर्धा त, काना, वेलांटी, रफार) आणि ते रोमन अक्षरांच्या जागांवर बसवले. हे काम मोठ्या प्रमाणावर पुण्यातच झालं. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे योगेश, सुरेख हे फाँट आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांच्यावर मराठी छपाईची एक अख्खी पिढी उभी राहिली. त्या मंडळींचे उपकार मोठे आहेत. पण प्रत्येकाची मांडणी निराळी. फाइलमध्ये ‘क’ साठवलेलाच नसतो. अमुक क्रमांकाच्या जागेवरचा तुकडा, एवढीच नोंद असते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक असतो.

मग जुनं सॉफ्टवेअरच उचलून नव्यावर ठेवलं तर? फोल्डर कॉपी करून प्रोग्रॅम सहसा चालत नाही, कारण त्याच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत विखुरलेल्या असतात. मूळ सीडीवरून पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं. त्यात जुनी डाँगल प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागणारी असेल, तर नव्या संगणकाला ते पोर्टच नसतं. १६ बिटचे प्रोग्रॅम विंडोज ११ वर चालत नाहीत. पेजमेकर ७ नंतर अडोबीने नवी आवृत्ती काढली नाही, आणि पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोय इनडिझाइनमध्ये सीएस ६ पर्यंतच होती. त्यामुळे जुनं यंत्र सुरू होतंय तोवरच त्याच्यासमोर बसा.

आधी प्रत्येक फाइल तिच्या मूळ फाँटमध्ये उघडून पीडीएफ करा. पान जसं दिसत होतं तसं त्यात गोठतं. पण या पीडीएफमधला मजकूर कॉपी केला तर पुन्हा तीच टोप्या-टिंबं मिळतात, तेव्हा पीडीएफवर काम संपत नाही. फाइलमध्ये कुठला फाँट आहे त्याचं नेमकं नाव टिपून ठेवा आणि त्याच फाँटसाठी केलेल्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा. सुरेखचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालायचा नाही.

आता प्रूफ. इथे आळस नको. जुन्या फाँटमध्ये ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलट. कन्व्हर्टरला ही उलथापालथ करावी लागते आणि तिथेच तो चुकतो. सगळ्यात फसवा प्रकार र आणि य यांचा. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर सह्याद्रीच्या वर्णनात समुद्र शिरतो. ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ झालं तर जेवणावळीच्या हिशेबात स्वयंपाक्याचे पैसे गुरुजींच्या नावावर पडतात. शब्द दोन्ही बरोबर, त्यामुळे स्पेलचेकर गप्प बसतो. मजकुरात मधेच इंग्रजी शब्द असतील तर कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून त्यांची वाट लावतो. कुलवृत्तान्तात तर आडनावं, गावं आणि सनावळ्या पीडीएफशी ताडून एकेक तपासायला हव्यात. चुकलेलं नाव पुढच्या पिढीच्या शोधात सापडणारच नाही.

यंत्र बंदच पडलं असेल तर हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालता येते. तपकीर गल्लीत चौकशी करा. डिस्क शाबूत असेल तर फाइलींबरोबर विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधले ते जुने फाँटही मिळतील. ते आधी उचला, पण वापरण्याआधी आपल्या परवान्यात बसतात का ते पाहा.

मूळ फाइल, तिचा पीडीएफ आणि युनिकोड प्रत अशा तिन्ही गोष्टी दोन वेगळ्या डिस्कवर जाईपर्यंत आणि प्रूफ संपेपर्यंत जुना संगणक भंगारवाल्याला देऊ नका. टॅलीचा डेटा आणि ईमेल पुढच्या आठवड्यात घेऊ.