लाल चेहरा, पिवळा प्रकाश आणि वऱ्हाडचे ऊन

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात चेहरा लाल होणे नेहमीचेच. सावलीत बसले, पाणी प्याले की तो निवळतो. काहींचा लालपणा मात्र निवळत नाही. गालांवर आणि नाकाच्या बाजूंना बारीक लाल रेषांचे जाळे दिसते, गरम चहा घेतला तरी चेहरा तापतो, साबण लावला की चुणचुणते. सावळ्या वर्णावर हा लालपणा तांबूस-जांभळट दिसतो आणि पुष्कळदा लक्षातच येत नाही. त्यामागे रोझेशियासारखा विकार असू शकतो किंवा स्टिरॉइडयुक्त मलमाचा दीर्घकाळ वापर.

अशा काही रुग्णांना त्वचारोगतज्ज्ञ लेसर सुचवतात. मग प्रश्न येतो : लेसरच्या आधी आणि नंतर चेहऱ्याला काय लावायचे, काय थांबवायचे? डॉक्टरांच्या सूचनांची यादी लांबलचक असते आणि ती पाळायचा कंटाळा येतो. पण तिच्यामागचे पदार्थविज्ञान समजले, तर प्रत्येक सूचना कशासाठी आहे ते कळते.

रंग ओळखणारा प्रकाश

वर्गात करता येईल असा एक प्रयोग पाहू. पांढऱ्या कागदावर लाल पेनने रेघ ओढा. हिरव्या जिलेटीन कागदातून पाहिली तर ती काळपट दिसते. लाल जिलेटीनमधून पाहिली तर जवळजवळ नाहीशी होते. लाल शाई हिरवा प्रकाश शोषून घेते आणि लाल परत पाठवते.

रक्तही असेच वागते. ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन ४१८, ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषते. लालपणासाठी वापरला जाणारा स्पंदित डाय लेसर ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश देतो. ५७७ सोडून थोडी मोठी तरंगलांबी घेण्याचे कारण असे, की तो प्रकाश त्वचेत अधिक खोल जातो.

वेळेचे गणित

रंग जुळला तरी काम संपत नाही. १९७०च्या दशकात अखंड झोताचा आरगॉन लेसर वापरत. त्याची उष्णता वाहिनीतून भोवती पसरे आणि व्रण राहण्याचा धोका असे. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावरचे तत्त्व मांडले : रक्तवाहिनीला उष्णता बाहेर टाकायला जितका वेळ लागतो, त्याच्या आतच प्रकाश द्यायचा.

हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट जाडीचा बटाटा आतपर्यंत शिजायला दुप्पट नव्हे, सुमारे चौपट वेळ लागतो, तसेच हे. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीसाठी तो सुमारे ५ मिलिसेकंद येतो. निम्म्या व्यासाच्या वाहिनीसाठी त्याच्या पाव. तेवढ्या अवधीच्या स्पंदाने वाहिनीची भिंत भाजून ती बंद होते आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर तिचे अवशेष शोषून घेते. म्हणून उपचार एका बैठकीत होत नाही आणि दोन बैठकांत काही आठवड्यांचे अंतर ठेवतात.

वाटेतले मेलॅनिन

प्रकाशाला रक्तवाहिनीपर्यंत जाण्यासाठी वरचा थर ओलांडावा लागतो आणि त्या थरात मेलॅनिन असते. तेही प्रकाश शोषते. थॉमस फिट्झपॅट्रिक यांच्या वर्गीकरणात त्वचेचे सहा प्रकार आहेत. आपल्यापैकी पुष्कळजण चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. अशा त्वचेत वरचा थरच तापून भाजण्याचा आणि नंतर काळे डाग पडण्याचा धोका अधिक. हे डाग महिनोन् महिने टिकू शकतात. लालपणा घालवायला गेलो आणि काळेपणा घेऊन आलो, असे होऊ शकते.

डॉक्टर त्यासाठी त्वचा थंड करतात, ऊर्जा कमी ठेवतात, स्पंद लांबवतात किंवा १०६४ नॅनोमीटरचा लेसर निवडतात. मेलॅनिन तो कमी शोषते. पण उन्हाने वाढलेले मेलॅनिन कमी करणे यंत्राच्या हाती नाही. ते रुग्णाच्या हाती आहे. उपचार मोठ्या शहरात झाला, तरी चेहरा सांभाळायचा असतो तो अमरावती-अकोल्याच्या उन्हातच.

अकोला सुमारे २०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र तो मध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून ४६ अंशांवरच असतो; उभ्या मीटरपट्टीची सावली जवळजवळ पट्टीएवढीच पडते. तिरप्या किरणांना वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागत असल्याने अतिनील भाग घटतो. निवड करता येत असेल, तर दिवाळीनंतरचे दिवस उपचाराला अधिक सोयीचे. पावसाळी ढगांवर मात्र विसंबू नये. अतिनील किरण त्यांतूनही येतात.

आधी, त्या दिवशी, नंतर

आधीचे तीन-चार आठवडे ऊन टाळावे. रेटिनॉइड, फळाम्ले, बेंझॉइल पेरॉक्साइड ही सोलणारी किंवा चुरचुरणारी द्रव्ये साधारण आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवावीत. ब्लीच, व्हॅक्सिंग आणि लिंबू चोळणेही बंद. लिंबात आम्लाबरोबर अशी द्रव्ये असतात, की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर त्वचा भाजून डाग पडतात.

त्या दिवशी चेहरा स्वच्छ हवा. काजळ, कुंकू, रंगीत क्रीम यांचा अंश राहिला, तर तो रंगच प्रकाश शोषून तापतो. हिरव्या जिलेटीनमधून काळी दिसलेली रेघ येथे आठवावी.

नंतर दोन-तीन दिवस लालपणा व सूज असते. कधी जांभळे डागही पडतात, ते साधारण एक-दोन आठवड्यांत जातात. या काळात थंड पाण्याच्या घड्या, सौम्य क्लेन्झर आणि सुगंधविरहित साधे मॉइश्चरायझर एवढेच पुरे. बर्फ थेट चोळू नये. वाफ, गरम पाणी, स्क्रब टाळावे. फोड आला तर फोडू नये, डॉक्टरांना दाखवावा. थांबवलेली मलमे त्वचा शांत झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने एकेक करून सुरू करावीत.

सनस्क्रीनचे गणितही समजून घ्यावे. एसपीएफ ३० म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांचा तिसावा भाग आत येतो. पण हे माप दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून घेतलेले असते. आपण बहुधा त्याहून कमी लावतो, आणि संरक्षणही तितके मिळत नाही. सावळ्या त्वचेवर दृश्य प्रकाशानेही डाग गडद होतात, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन उपयोगी पडते. दुचाकीवरून जाताना आपल्याकडे तोंडाला दुपट्टा बांधतात, ती सवय चांगली. दुपट्टा दिव्यासमोर धरावा. विणीतून उजेड दिसला, तर ऊनही तितकेच आत येणार. लेसरनंतर पहिले काही दिवस तो सैल असावा, घासला जाऊ नये.

लालपणाचे मूळ

हे सारे नीट पाळूनही एक गोष्ट राहिली, तर खर्च वाया जातो. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी स्टिरॉइडे असलेली मलमे गोरेपणासाठी किंवा मुरुमांसाठी मेडिकलमधून परस्पर आणली जातात. सुरुवातीला चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, वाहिन्या रुंदावतात. भारतातील १२ केंद्रांवरील एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइडांच्या मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची असलेली सूट काढून घेतली.

मलम चालू ठेवून लेसर घेतला, तर जुन्या वाहिन्या बंद होतील आणि नव्या रुंदावत राहतील. मलम एकदम बंद केले, तर चेहरा उलट भडकतो; घाबरून माणूस पुन्हा तेच लावतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावे लागते, आणि लेसरचा विचार त्यानंतर.

अकरावी-बारावीच्या वयात ही मलमे मैत्रिणीच्या किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून सुरू होतात. ती वाईट म्हणून दटावण्यापेक्षा, रसायनशास्त्राच्या तासाला विद्यार्थ्यांना घरातील ट्यूबांवरील घटकांची नावे उतरवून आणायला सांगावीत आणि त्यांत ही तीन नावे सापडतात का ते मिळून पाहावे, असे आम्ही सुचवतो. एखाद्या विद्यार्थिनीच्या यादीत ती सापडली, तर तिच्या चेहऱ्यावर रेषांचे जाळे उमटण्यापूर्वीच तिला डॉक्टरांकडे पाठवता येईल.