तारेचा मोर आणि एकाकी नर

लखनौच्या सिकंदरबागेत, राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या पुष्पप्रदर्शनात, शेवंतीच्या ताटव्यापाशी तारेच्या मोराभोवती गर्दी होती. मोर सुबक खरा. पण पलीकडील सायकडगृहात मी एकटाच होतो. सायकड दिसते ताडासारखे, परंतु त्याला फुले नव्हेत, शंकू येतात. आणि नराचे झाड निराळे, मादीचे निराळे. येथेच घात होतो. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेत जॉन मेडली वूड यांना एका जातीच्या नराचा एकच ठोंब आढळला. मादी आजवर कोणास मिळालेली नाही. जगातील त्या जातीची सारी झाडे त्याच ठोंबाचे फुटवे. मोर मोडल्यास कारागीर दुसरा घडवील. येथे उद्यानविद जवळच्या जातीच्या मादीला याचे पराग देतात, मग कन्येला, मग नातीला. आणि सायकड तर फार सावकाश वाढते.