मेल सर्व्हरची राखण : धोका विसरलेल्या खात्याचा

ई-मेल पाठविण्याची एसएमटीपी ही नियमावली १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय तीत नव्हती. ती भर १९९९ मध्ये पडली. तेव्हापासून पासवर्ड हीच मेल सर्व्हरची किल्ली ठरली आणि ती हुडकून काढणारे स्वयंचलित प्रोग्राम रात्रंदिवस दार ठोठावू लागले.

त्यावरील प्रचलित उपाय म्हणजे ‘फेल-टू-बॅन’सारखी प्रणाली. सर्व्हरवरील लॉगिनच्या नोंदी वाचून, वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्या आयपी पत्त्यावर ती फायरवॉलद्वारे काही काळ बंदी घालते. मात्र हल्लेखोर एकच सोपा पासवर्ड अनेक खात्यांवर, सावकाश आणि निरनिराळ्या पत्त्यांवरून आजमावू लागले, की ही बंदी अपुरी पडते.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस रशियाशी संबंधित गटाने याच मार्गाने मायक्रोसॉफ्टच्या एका जुन्या चाचणी खात्यात शिरकाव केला आणि तेथून वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ई-मेलपर्यंत मजल मारली. त्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी नव्हती. शिवाय त्याच्याशी निगडित परवानग्या गरजेपेक्षा अधिक होत्या. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनेच ही घटना जाहीर केली.

त्यामुळे केवळ बंदीवर विसंबणे पुरेसे नाही. प्रत्येक खात्याला द्विस्तरीय पडताळणी हवी, २५ क्रमांकाच्या पोर्टवरील लॉगिन बंद हवे आणि परवानग्या गरजेपुरत्याच हव्यात. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची आणि चाचणीपुरती उघडलेली खाती तर वेळीच बंद व्हायला हवीत. ज्या खात्याकडे कोणाचेच लक्ष नसते, तेथील चोरपावले उशिरा ऐकू येतात.