कागद उघडू नका

पहाटे साडेपाच

डहाणूत पारनाक्याच्या किनाऱ्यावर ओहोटी होती. फिरून घरी येईपर्यंत डोक्यात काल रात्री पावणेअकराला आलेला निरोपच घोळत होता. ‘मॅडम, उद्या सकाळी साडेआठला साहेब तुमच्या ऑफिसला येतायत.’ वेळ आहे का, असं विचारलेलं नव्हतं. येत असल्याचं कळवलं होतं.

साहेब कोण, कुठल्या पक्षाचे, वाद कसला, हे मी इथे लिहिणार नाही. पक्षकाराचं बोलणं वकिलाने बाहेर काढायचं नसतं. पूर्वी हे पुराव्याच्या कायद्यात कलम 126 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. ज्याचं वकीलपत्र मी घेतलं नाही, त्याच्या बाबतीतही मी हे पाळते. वार आणि महिनाही म्हणूनच सांगत नाही. सांगते आहे तो माझा दिवस.

सात

आजचा बोर्ड पाहिला. एक जामीन, एक उलटतपास, एका दाव्यात नुसती तारीख. उलटतपासाचे प्रश्न रात्रीच लिहून ठेवले होते. ते पुन्हा वाचले आणि दोन खोडले.

साडेआठ

तीन गाड्या आल्या. गल्लीतल्या चिकूवाल्याला टोपल्या आत घ्याव्या लागल्या. साहेबांबरोबर सातआठ माणसं. त्यांतली पाच पायऱ्यांवर थांबली. पीएने टेबलावर जाडजूड फाइल ठेवली आणि तो दोरीची गाठ सोडायला लागला. मी फाइलवर हात ठेवला.

“साहेब, कागद उघडू नका. आधी समोर कोण आहे तेवढं सांगा.”

त्यांनी नाव सांगितलं. ते माझ्या जुन्या कुठल्याही फाइलीत नव्हतं. म्हणजे त्या बाजूने अडचण नव्हती. मग ते म्हणाले, “तुम्ही फक्त उभ्या राहा मॅडम. बाकी आम्ही बघतो.”

हे वाक्य लिहायला मला संकोच नाही, कारण ते एकट्या त्यांचं नाही. गेल्या सत्तावीस वर्षांत वेगवेगळ्या रंगांच्या उपरण्यांखालून मी ते ऐकलं आहे. त्या ‘बाकी’त काय काय येतं, ते कोर्टाच्या आवारात वावरणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. साक्षीदार येतो. तलाठी येतो. समोरच्याचं घरही येतं.

मी माझ्या अटी सांगितल्या. मी बोलेन ते तुमच्याशी, पीएशी नाही. कैफियतीतलं प्रत्येक पान तुम्ही वाचून त्यावर सही करायची, आणि खोटं आहे असं मला कळलं ते वाक्य मी न्यायालयापुढे ठेवणार नाही. फी बँकेतून, पावतीवर. आणि प्रकरण चालू असेपर्यंत तुमचा एकही माणूस समोरच्याच्या दारात जाणार नाही.

पहिल्या तीन अटींवर ते हसले होते. चौथीला हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले. मोठ्या आवाजात बोलले नाहीत, अपमान केला नाही. “विचार करा. संध्याकाळपर्यंत कळवा. फाइल राहू दे,” एवढंच म्हणाले.

मी फाइल कपाटात ठेवली. गाठ तशीच होती. मला भीती वाटली, हेही लिहिते. माझ्या भावाच्या वाडीतल्या शेततळ्याचा अर्ज तालुक्यात पडून आहे, आणि हे त्यांच्या माणसांना माहीत नसेल असं मी धरून चालू शकत नाही.

सव्वादहा

बाररूममध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, “तुझ्याकडेही आले का?”

त्या ‘ही’मुळे मी बसले. गेल्या दोन आठवड्यांत साहेब आमच्यातल्या सहा जणांकडे जाऊन आले होते. सगळ्यांना कागद दाखवले, सल्ला घेतला. काहींना सल्ल्याची फी हातोहात मिळाली. वकीलपत्र मात्र कोणालाच दिलं नाही.

बार कौन्सिलच्या नियमांत 33 वा नियम आहे. एका वादात एका पक्षाला सल्ला दिला, तर त्याच वादात समोरच्या बाजूने उभं राहता येत नाही. मुंबईत सहा वकील गेले तर काही बिघडत नाही. डहाणूत जमिनीचे दावे मन लावून चालवणारे वकील बोटांवर मोजता येतात. त्यांतल्या सहा जणांनी कागद वाचले, म्हणजे समोरच्यासाठी सहा दारं लागली. साहेबांनी हे ठरवून केलं का, ते मला सिद्ध करता येणार नाही. पण त्यांनी नेमलेल्या एका वकिलापेक्षा त्यांनी न नेमलेले सहाच जास्त कामाचे ठरतात, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या लख्ख दिसलं. सकाळी फाइलवर हात ठेवला तो सवयीने. त्याचं मोल आता कळलं.

अकरा

पुकारा झाला. जामिनासाठी उभी होते ती एका वीस वर्षांच्या मुलासाठी. आरोप गंभीर आहे आणि माझ्या गावातल्या लोकांना तो मुलगा आवडत नाही. विधी सेवा समितीकडून आलेलं काम. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. या मुलाने काय केलं असेल याबद्दल माझं स्वतःचं मत आहे. ते मी घरी ठेवून येते. आरोपीच्या अपराधाविषयी वकिलाचं मत काहीही असो, बचाव करायचाच, असं बार कौन्सिलचा 15 वा नियम सांगतो. 11 वा त्याहून कडक आहे. योग्य फी मिळत असेल तर आलेलं काम घ्यायला वकील बांधील आहे, खास कारण असेल तरच नकार.

16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचल्यात तिघांना जमावाने मारलं, त्यानंतर शंभरावर माणसं डहाणूच्या न्यायालयापुढे आणली गेली. साऱ्या देशाचा राग त्यांच्यावर होता. त्यांनाही वकील लागतच होते. अमुक आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव वकील संघटना करतात, ते बेकायदा आणि निरर्थक आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे.

मग या मुलाला हो आणि साहेबांना नाही, हे कसं? उलटतपास चालू असतानाही हा प्रश्न मला सोडत नव्हता. मुलगा लॉकअपमधून माझ्याकडे बघतो तेव्हा त्याला वकील हवा असतो. साहेबांना आपला माणूस हवा होता. पक्षकाराच्या चांगुलपणाचा इथे संबंध नाही. काळ्या कोटातली व्यक्ती न्यायालयाचंही काही देणं लागते, हे ज्याला मान्य आहे त्याच्यासाठी मी कुठलाही खटला लढेन.

दोन

डबा खाताना ज्युनिअरला नानी पालखीवालांची गोष्ट सांगितली. बँकांचं राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांचे तनखे, केशवानंद भारती, सगळीकडे ते इंदिरा गांधींच्या सरकारविरुद्ध लढले होते. तरी 12 जून 1975 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिराबाईंची निवडणूक रद्द केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मागायला त्यांच्या बाजूने उभे राहिले ते पालखीवालाच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 24 जूनला सशर्त स्थगिती दिली. 25 च्या रात्री आणीबाणी आली आणि पालखीवालांनी ते काम परत केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेरा न्यायाधीशांपुढे ते केशवानंदचा निकाल वाचवायला उभे होते.

“म्हणजे घेतलं तेच चुकलं?” तिने विचारलं.

नाही. घेतलं तेही बरोबर होतं. विरोधकालाही वकील मिळाला पाहिजे म्हणून घेतलं. ज्या राज्यघटनेच्या बळावर आपण न्यायालयात उभे राहतो तिचाच गळा पक्षकार दाबतो आहे असं दिसल्यावर परत केलं. मात्र घेतलेलं काम सोडणं जड असतं. पुरेसं कारण लागतं, आधी नोटीस द्यावी लागते, न केलेल्या कामाची फी परत करावी लागते. ‘नाही’ म्हणायची खरी वेळ वकीलपत्रावर सही करण्याआधीची.

साडेतीन

तलासरीला एका फेरफाराच्या नकलेसाठी गेलो. ज्युनिअर तिथलीच, वारली. याच तालुक्यातल्या झरीत मे 1945 मध्ये किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली. त्यांना उभं करणाऱ्या गोदावरी परुळेकरांनी कायद्याची पदवी घेतली होती. ज्युनिअरची आजी त्यांना गोदूताई म्हणायची.

1974 पासून जमीन महसूल कायद्याच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, वर शासनाची मान्यता. गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत घ्यायला तयार असा दुसरा आदिवासी नाही, याचीही खात्री करावी लागते. त्यामुळे उघड खरेदीखत होत नाही. कुलमुखत्यारपत्र होतं, साठेखत होतं, कोणा गड्याच्या नावावर सातबारा चढतो. महामार्ग होता, आता बुलेट ट्रेन आली, द्रुतगती मार्ग आला, 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ज्या वरकस जमिनीकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं तिच्यासाठी आज माणसं वकील शोधत हिंडतात.

पावणेसहा

परत येऊन पत्र लिहिलं. ‘आपलं काम मला स्वीकारता येत नाही. फाइल न उघडता परत करत आहे. मुदत चालू असल्यास त्वरित दुसरे वकील नेमावेत.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. समन्स मिळाल्यापासून कैफियतीला 30 दिवस असतात, न्यायालयाने वाढवून दिले तर 90. माझ्या विचार करण्यात त्यांचा एक दिवसही जाता कामा नये.

“मॅडम, कारण नाही लिहिलं?” ज्युनिअरने विचारलं.

कारण लिहिलं की तो कागद कोणाच्या तरी हाती लागतो आणि साहेबांविरुद्ध पुरावा म्हणून फिरतो. ज्यांचं काम घेतलं नाही त्यांचं नुकसान करण्याचाही मला अधिकार नाही.

सात वाजून दहा मिनिटं

कारकून पोच घेऊन आला. दुसऱ्या प्रतीवर पीएची सही, शिक्का, वेळ. “गाठ बघून घेतली त्यांनी,” तो म्हणाला. “काही बोलले नाहीत.” भावाला फोन करून शेततळ्याच्या अर्जाचं काय होईल ते सांगता येत नाही, असं कळवलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पाऊस तर पडेलच ना ताई.”

पावणेनऊ

जेवायला बसणार तोच ज्युनिअरचा फोन. तिच्या पाड्याच्या पलीकडच्या पाड्यातली एक म्हातारी डहाणूत सहा ठिकाणी जाऊन आली होती. सगळीकडे एकच उत्तर, जमणार नाही. ती फोनवरच होती. “बाय, माझा वकील कोन?” तिने विचारलं.

मी तिचं नाव विचारलं. सकाळी ऐकलेलंच नाव होतं. उद्याच्या पानावर साडेनऊसमोर ते लिहिलं आणि तिला सांगितलं, घरात असतील नसतील तेवढे सगळे कागद घेऊन या, सातबारा जुना असला तरी आणा.