धूर, वाफ आणि आयपी पत्ता

मागच्या खेपेला आपण न्यायदर्शनातलं अनुमान पर्वतावरच्या धुरापाशी आणून सोडलं होतं. आज हेत्वाभासांकडे जायचं आहे आणि जाणारच आहोत, पण वाट जरा आडवी घेणार आहोत. कारण सांगतो.

गेल्या महिन्यात या व्याख्यानमालेची निमंत्रणं ईमेलने गेली आणि त्यांतली बरीचशी परत आली. पत्ते चुकले नव्हते. परत आलेल्या प्रत्येक पत्राला ५५० या आकड्याने सुरू होणारी एक ओळ जोडलेली होती: तुमच्या सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत आहे, सबब पत्र स्वीकारता येत नाही. आमची वेबसाइट सांभाळणारे आमचे एक जुने विद्यार्थी आहेत. ते म्हणाले, "सर, आपण काहीच केलेलं नाही. ज्या सर्व्हरवर आपण भाड्याने राहतो, तिथे आणखी शेकडो लोक आहेत. त्यांतल्या कुणाचा तरी पासवर्ड चोरीला गेला आणि त्याच्या खात्यातून रात्रभर स्पॅम सुटलं." म्हणजे चाळीतल्या एका खोलीत भानगड झाली आणि पोस्टमनने सगळ्या चाळीची पत्रं बंद केली! आम्हांला आधी राग आला. मग वाटलं, ही यादी करणारा माणूस नेमकं कशावरून काय ठरवतो, ते तरी बघावं. बघता बघता लक्षात आलं की हा सगळा आपल्याच घरचा विषय आहे. इथे धूर आहे, अग्नी आहे, आणि धूर म्हणून दाखवलेली वाफही आहे.

आयपी पत्ता म्हणजे चार आकडे. उदाहरणादाखल २०३.०.११३.४५ घ्या. हा पत्ता मुद्दाम पुस्तकातल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, त्यामुळे कुणावर आळ येणार नाही. अशा पद्धतीचे एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. इंटरनेटवर जाणारी प्रत्येक माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते आणि प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते असतात, कुठून आलं आणि कुठे जायचं. हे पाकीट पाठवणाराच भरतो, हे आत्ता फक्त ध्यानात ठेवा.

स्पॅम काही नवं नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या अर्पानेटवर एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरात पाठवली, तेव्हापासून ते आहे. पण पत्त्यांची काळी यादी आली १९९७ च्या सुमारास. पॉल विक्सी आणि डेव्ह रँड यांनी ती सुरू केली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस ही संस्था काढली. यादी विचारायची युक्ती मोठी गमतीची आहे. पत्ता उलटा करायचा, म्हणजे ४५.११३.०.२०३, त्यापुढे यादीचं नाव लावायचं आणि एखाद्या वेबसाइटचा ठावठिकाणा विचारावा तसा प्रश्न टाकायचा. काहीच मिळालं नाही, तर पत्ता यादीत नाही. १२७.०.०.२ असं काही उत्तर आलं, तर आहे. पत्र दारात उभं असतानाच, क्षणभरात, हा निकाल लागतो.

आता या यादीत नाव जातं कसं? मुख्य साधन म्हणजे सापळा. एखादा ईमेल पत्ता तयार करायचा, तो कुणालाच द्यायचा नाही, कशासाठीही वापरायचा नाही. त्या पत्त्यावर कुणाचं पत्र येण्याचं कारणच नाही. तरीही आलं, तर पाठवणाऱ्याने पत्ते कुठून तरी ओरबाडलेले आहेत हे उघड आहे. सर्व्हरवरच्या हल्ल्यांसाठीही असंच करतात. एक यंत्र उघड्यावर ठेवायचं, त्यावर काम काहीच चालवायचं नाही, आणि कोण कडी वाजवून बघतंय ते नोंदवत बसायचं. याला हनीपॉट म्हणतात.

अशा सापळ्याचा एक जुना किस्सा इथे सांगितलाच पाहिजे. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या हिशोबात ७५ सेंटांची तूट दिसली. कुणीतरी पैसे न भरता यंत्र वापरत होतं. स्टोल माग काढत गेले. वाटेत व्हर्जिनियातल्या एका संरक्षण-कंत्राटदाराचं यंत्र लागलं. चोर तिथेच आहे असं म्हणून कुणीही थांबलं असतं. पण ते यंत्रही चोराने वाटेतली पायरी म्हणूनच वापरलं होतं आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता. स्टोलनी खोट्या लष्करी फायली रचून ठेवल्या. त्या वाचण्यात चोर इतका रमला की जर्मनीत त्याचा फोन शोधायला पुरेसा वेळ मिळाला. माणूस निघाला हॅनोव्हरचा. पंचाहत्तर सेंटांसाठी एवढा खटाटोप करणारा हिशोबनीस आमच्या विद्यापीठात असता, तर आमची प्रवासभत्त्याची बिलं कधीच पास झाली नसती, ते असो.

आता शास्त्राकडे येऊ. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. यात पहिला धोका कोणता? जे दिसतंय तो मुळात धूर आहे का? 'न्यायप्रवेश' या बौद्ध ग्रंथात याला संदिग्धासिद्ध म्हटलं आहे. समोर दिसतंय ती वाफ की धूर, याचीच खात्री नाही आणि आपण अग्नी सिद्ध करायला निघालो.

पाकिटावरचा पत्ता पाठवणाराच भरतो, असं मघाशी म्हटलं. मग तो खोटा का भरणार नाही? भरतो की! मात्र सगळीकडे तसं करून चालत नाही. ईमेल पोचवायचं तर आधी दोन यंत्रांची ओळखपाळख होते. मी हाक मारतो, तुम्ही ओ देता, मी 'ऐकू आलं' म्हणतो, मग बोलणं. पत्ता खोटा असेल तर तुमची ओ भलत्याच दारी जाईल आणि संभाषण सुरूच होणार नाही. म्हणून ज्या पत्त्यावरून पत्र आपल्या सर्व्हरच्या हातात पडलं, तो पत्ता बहुधा खरा असतो. पण पत्राच्या डोक्यावर जे लिहिलेलं असतं, प्रेषकाचं नाव, आधीचे मुक्काम, ते कुणीही काहीही लिहू शकतो. आपल्या सर्व्हरने स्वतः मारलेला शिक्का तेवढा धूर समजावा.

काही व्यवहारांत मात्र ही ओळखपाळख नसते. वेबसाइटचा ठावठिकाणा विचारण्याचे प्रश्न बहुतेक वेळा असेच एका पाकिटात जातात. मार्च २०१३ मध्ये या गोष्टीचा वापर खुद्द स्पॅमहाउसवर झाला. सायबरबंकर नावाच्या एका डच होस्टिंग कंपनीला त्यांनी यादीत टाकलं होतं, त्यावरून हे पेटलं. हल्लेखोरांनी जगभरच्या हजारो सर्व्हरांना बारीकसे प्रश्न पाठवले आणि पाकिटावर 'कुठून' या जागी स्पॅमहाउसचा पत्ता घातला. प्रश्न चिठ्ठीएवढा, उत्तर पोथीएवढं, आणि सगळी उत्तरं स्पॅमहाउसच्या दारात. सेकंदाला ३०० गिगाबिटपर्यंत लोंढा गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. आता गंमत बघा. प्रश्न ज्यांच्याकडे गेले, त्यांच्या लॉगमध्ये हल्लेखोर कोण दिसणार? स्पॅमहाउस! आणि स्पॅमहाउसच्या लॉगमध्ये? ते हजारो निरपराध सर्व्हर. खऱ्या हल्लेखोराचा पत्ता दोन्ही ठिकाणी नाही. आपल्या जाळ्यातून खोट्या पत्त्याचं पाकीट बाहेर पडूच द्यायचं नाही, हा यावरचा उपाय २००० सालीच लिहून ठेवलेला होता. पण त्याचा खर्च आपल्याला आणि फायदा दुसऱ्याला, म्हणून तो सगळ्यांनी केला नाही.

दुसरा धोका जास्त सूक्ष्म आहे आणि आमच्या मते जास्त क्रूर. समजा धूर खराच आहे, पत्ता खरा आहे. त्यावरून माणूस सिद्ध होतो का? इथे आपल्या नैयायिकांची उपाधी आठवा. धुरावरून अग्नी म्हणता येतो, पण अग्नीवरून धूर म्हणता येत नाही. त्याला ओल्या सरपणाची अट लागते. तशी पत्ता आणि माणूस यांच्यामध्येही एक अट दडलेली आहे: तो पत्ता त्या क्षणी एकट्या त्याच माणसाकडे असायला हवा.

ती अट आज क्वचितच पुरी होते. ४२९ कोटी पत्ते जगाला पुरले नाहीत. वाटपाचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. तेव्हापासून मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. आत्ता आपण फोनवर हे वाचत असाल, तर आपला जगाला दिसणारा पत्ता अनोळखी लोकांबरोबर वाटून घेतलेला असण्याची दाट शक्यता आहे. त्यांतून एक माणूस वेगळा काढायचा, तर पत्त्याबरोबर पोर्टचा क्रमांक आणि सेकंदापर्यंत बिनचूक वेळ लागते. वेळ कुठल्या देशाची, तेही लागतं. लॉगमध्ये जागतिक वेळेनुसार रात्रीचे ८.१५ असतील, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटेची पावणेदोन वाजलेली असते. तारीखच बदलली!

हे आम्ही हौसेने ताणत नाही. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर आला. पुणे पोलिसांनी आयपी पत्ता मिळवला आणि इंटरनेट कंपनीकडे ग्राहकाचं नाव मागितलं. कंपनीने कळवलं ते नाव बंगळुरूतल्या एका तरुण संगणक अभियंत्याचं होतं. त्याला घरातून उचललं आणि येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं. तो सुमारे पन्नास दिवस आत होता. नंतर निघालं की कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती, त्याचा त्या मजकुराशी काही संबंध नव्हता. पर्वतावरच्या अग्नीचं अनुमान चुकलं तर फार तर आपण उगीच चढून जातो. इथे एका माणसाचे पन्नास दिवस गेले.

यानंतर नियम सुधारले, नाही असं नाही. सर्व्हरांनी पत्त्याबरोबर पोर्ट आणि नेमकी वेळ नोंदवावी, अशी शिफारस आरएफसी ६३०२ या दस्तऐवजात २०११ साली झाली. आपल्याकडे सर्ट-इनने एप्रिल २०२२ च्या आदेशात १८० दिवसांचे लॉग ठेवायला आणि सर्व यंत्रांची घड्याळं सरकारी प्रमाणवेळेशी जुळवायला सांगितलं. घड्याळ जुळवणं हे किरकोळ कारकुनी काम वाटतं. पन्नास दिवस आठवले की वाटत नाही.

आता काळ्या यादीवरच्या आमच्या रागाचं काय झालं? तो बराच निवळला. कारण चांगली यादी माणसाविषयी बोलतच नाही. स्पॅमहाउसच्या एका यादीत तर घरगुती जोडण्यांचे पत्ते सरसकट असतात. तो आरोप नाही, घरच्या जोडणीवरून थेट टपाल सुटायचं कारण नाही, एवढंच तिचं म्हणणं. सर्व्हर राखणारं फेलटूबॅन नावाचं साधन आहे, ते तर मूळ मांडणीत दहा मिनिटांत पाचदा चुकीचा पासवर्ड आला तर पत्ता दहा मिनिटंच अडवतं आणि सोडून देतं. आत्ता दार लावून घेणं आणि कुणाला गुन्हेगार म्हणणं, या दोहोंना लागणारा पुरावा एकाच तोलाचा नसतो. पहिल्याला संशय चालतो, पण मग तो शिळा झाल्यावर टाकून द्यावा लागतो. नोंद काढायला महिनोन्‌महिने लावणाऱ्या किंवा त्यासाठी पैसे मागणाऱ्या याद्याही आहेत, त्यांच्याविषयी आमचं मत अजून गरमच आहे.

आमचा पत्ता होस्टिंगवाल्यांनी ते खातं बंद केल्यावर दोन दिवसांत यादीतून निघाला. त्याच सुमारास आमच्या विद्यार्थ्याने लॉग दाखवला. एकाच पत्त्यावरून रात्रभर 'रूट', 'ॲडमिन' अशी नावं लावून कुणीतरी दार ढकलत होतं. त्यांनी तो पत्ता कुठल्या जाळ्याचा ते शोधलं आणि तक्रारीसाठी दिलेल्या ईमेलवर पोर्ट आणि जागतिक वेळेसह लॉग पाठवला. आम्हांला वाटलं, कोण उत्तर देतंय. चौथ्या दिवशी उत्तर आलं: ग्राहकाच्या दुकानातल्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरवर कारखान्यातला मूळ पासवर्ड तसाच होता, बदलायला सांगितलं आहे. २०१६ साली मिराय नावाच्या कीडीने असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखोंनी बळकावले होते, साठेक ठरावीक पासवर्ड लावून बघत. म्हणजे रात्रभर आमचं दार ढकलणारा तो दुकानदार शांत झोपला होता.

विरुद्ध आणि सत्प्रतिपक्ष हे हेत्वाभास राहिले, ते पुढच्या वेळी घेऊ.