पुलापलीकडचे चार पुतळे

पायरेट्स या बेसबॉल क्लबची घरची मॅच असली की पिट्सबर्गमध्ये अलेगेनी नदीवरचा एक पिवळा पूल गाड्यांना बंद करतात. मग त्या पुलावरून माणसं पायी निघतात. काळे-पिवळे शर्ट, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं, इतक्या वर्षांनंतरही हातमोजा बरोबर आणणारे आजोबा. पुलाला रोबेर्तो क्लेमेंटेचं नाव आहे. तो ओलांडला की समोर क्लेमेंटेचाच पुतळा दिसतो. मैदानाला वळसा घातला की आणखी तीन पुतळे भेटतात: होनस वॅग्नर, विली स्टार्जेल आणि बिल मॅझरॉस्की.

मी या शहरात नवा होतो, तेव्हा मला वाटायचं की क्लबचे सगळ्यात मोठे चार खेळाडू निवडून त्यांचे पुतळे उभारले असतील. ते खरंही आहे. पण वीस वर्षं या मैदानाच्या वरच्या मजल्यावर बसून मॅच बघितल्यावर मला त्यातलं दुसरं सत्य जास्त महत्त्वाचं वाटतं. हे चौघं इथे राहिले. वॅग्नर १९०० साली आला, १९१७पर्यंत खेळला आणि पुढे कित्येक वर्षं याच क्लबचा प्रशिक्षक होता. क्लेमेंटे १८ हंगाम, मॅझरॉस्की १७ आणि स्टार्जेल २१ हंगाम खेळला. मेजर लीगमध्ये या तिघांच्या अंगाला दुसऱ्या कुठल्या क्लबचा शर्ट कधी लागलाच नाही. पायरेट्सचा इतिहास सांगायचा तर तो राहिलेल्यांचा आणि गेलेल्यांचा सांगावा लागतो, असं माझं मत आहे.

क्लबचं नावसुद्धा त्यातूनच आलंय. १८८७पासून नॅशनल लीगमध्ये असलेल्या या क्लबने १८९०-९१च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या क्लबचा माणूस, लू बिअरबॉअर, आपल्याकडे ओढला. समोरच्यांनी आरोप केला की ही चाचेगिरी आहे. पिट्सबर्गने तो शब्द अभिमानाने शर्टावर घेतला. दुसऱ्याचा खेळाडू पळवला म्हणून ज्यांना चाचे म्हटलं, त्यांचे खेळाडू गेली तीस वर्षं दुसरे घेऊन जातायत. माझ्यासारख्या चाहत्याला हे बोचतं.

वॅग्नरबद्दल थोडक्यात सांगतो. इथूनच जवळच्या कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातला हा मुलगा शॉर्टस्टॉपला खेळायचा. त्याने आठ वेळा लीगमध्ये सर्वाधिक सरासरी काढली आणि १९०९ साली टाय कॉबच्या डेट्रॉइटला हरवून क्लबला पहिली वर्ल्ड सिरीज मिळवून दिली. आज त्याचं नाव मुख्यतः त्याच्या सिगारेटच्या पाकिटातल्या कार्डामुळे घेतात, कारण ते फार दुर्मीळ आहे आणि त्याला लाखो डॉलर मिळतात. त्याने शॉर्टस्टॉपची जागा कशी खेळली, ते त्याहून मोलाचं आहे.

मॅझरॉस्कीची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. १३ ऑक्टोबर १९६०, फोर्ब्ज फील्ड. समोर न्यूयॉर्क यांकीज. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सहा मॅचमध्ये यांकीजनी एकूण ४६ धावा केल्या होत्या आणि पायरेट्सनी फक्त १७. पण मॅच तीन-तीन झाल्या होत्या. सातव्या मॅचला नववी इनिंग, स्कोअर ९–९, पायरेट्सची बॅटिंग. दुपारचे ३ वाजून ३६ मिनिटं झाली होती. मॅझरॉस्की मुळात क्षेत्ररक्षणासाठी ओळखला जायचा. दुसऱ्या बेसवर चेंडू हातात आला न आला तोच पुढे गेलेला असायचा. त्या माणसाने राल्फ टेरीचा चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीवरून बाहेर भिरकावला. वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच शेवटच्या होमरनवर जिंकण्याचा प्रसंग आजवर तो एकच.

फोर्ब्ज फील्ड १९७०नंतर पाडलं. मैदानाच्या जागी विद्यापीठाच्या इमारती आल्या, पण विटांच्या भिंतीचा एक तुकडा राखला आहे. दर १३ ऑक्टोबरला तिथे माणसं जमतात. १९८५ साली एक चाहता टेपरेकॉर्डर घेऊन एकटाच भिंतीपाशी बसला आणि त्याने त्या मॅचची रेडिओ कॉमेंट्री पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. पुढच्या वर्षांत आणखी लोक यायला लागले. कॉमेंट्री अशा वेळी सुरू करतात की होमरन बरोबर ३:३६ला पडावा. निकाल सगळ्यांना पाठ असतो, तरी नवव्या इनिंगला यांकीज पुढे जाणार की काय म्हणून लोक हात चोळत उभे असतात. मी दरवर्षी ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढून जातो. याच फोर्ब्ज फील्डवरून ५ ऑगस्ट १९२१ला मेजर लीग बेसबॉलची पहिली रेडिओ कॉमेंट्री झाली, केडीकेए स्टेशनवरून. मॅच कानाने बघायची सवय या गावाला शंभर वर्षांची आहे.

आता क्लेमेंटे. प्वेर्तो रिकोच्या कॅरोलिना गावचा हा मुलगा ब्रुकलिन डॉजर्सनी घेतला आणि मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात ठेवला. नोव्हेंबर १९५४मध्ये शेवटच्या क्रमांकावरच्या पायरेट्सना ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळाली आणि त्यांनी ४,००० डॉलर मोजून त्याला नेला. राईट फील्डला तो ज्या ताकदीने चेंडू परत फेकायचा, ते पाहिलेली म्हातारी माणसं अजून हात हवेत फिरवून दाखवतात. चार वेळा सर्वाधिक सरासरी, क्षेत्ररक्षणाचे १२ गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार. पण त्याला हे शहर सहज मिळालं नाही. वार्ताहर त्याचं मोडकं इंग्रजी जसंच्या तसं छापून त्याची चेष्टा करत, खेळाडूंच्या कार्डांवर त्याचं नाव ‘बॉब’ छापत. तो म्हणत राहिला की माझं नाव रोबेर्तो आहे. फ्लोरिडातल्या सरावाच्या दिवसांत गोऱ्यांच्या हॉटेलात त्याला प्रवेश नव्हता. १९७१ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर तो आधी स्पॅनिशमध्ये बोलला आणि आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. ते चित्रण मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते भाषांतराशिवाय कळलं.

त्याच वर्षी, १ सप्टेंबर १९७१ला, मॅनेजर डॅनी मर्टो याने फिलाडेल्फियाविरुद्ध नऊ जणांचा संघ उतरवला आणि त्या नऊच्या नऊ जागांवर कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकन खेळाडू होते. मेजर लीगमध्ये हे कधीच घडलं नव्हतं. पायरेट्स १०–७ने जिंकले. मला या क्लबच्या पाचही वर्ल्ड सिरीज विजयांइतकाच हा दिवस मोठा वाटतो. कारण याच शहरात होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हे निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे, थोर संघ खेळले. जॉश गिब्सन इथे खेळला आणि त्याला पायरेट्सच्या शर्टात कोणी उभं केलं नाही. जानेवारी १९४७मध्ये तो गेला. आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, जॅकी रॉबिन्सन, मेजर लीगमध्ये उतरला तो त्यानंतर तीन महिन्यांनी. २०२४मध्ये निग्रो लीगचे आकडे अधिकृत यादीत घेतले, तेव्हा .३७२च्या सरासरीने गिब्सन टाय कॉबच्या पुढे, पहिल्या जागी गेला.

३० सप्टेंबर १९७२ला क्लेमेंटेने आपला तीन हजारावा हिट मारला. हिशेब तिथेच थांबला. डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला; पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोहोचत नाही असं कळलं, म्हणून ३१ डिसेंबरला तो स्वतः सामानाच्या विमानात चढला. जास्त भार घेतलेलं ते विमान उडाल्यावर थोड्याच वेळात समुद्रात कोसळलं. त्याचा देह मिळाला नाही. कॅचर मॅनी सँग्विएन श्रद्धांजलीच्या सभेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात मित्राला शोधत होता. पुढे कित्येक वर्षं हाच मॅनी मैदानातल्या आपल्या बार्बेक्यूच्या गाड्यापाशी बसून सह्या द्यायचा.

क्लेमेंटेच्या शर्टाचा क्रमांक २१, म्हणून नव्या मैदानाची उजवी भिंत २१ फूट उंच बांधली. २०२५च्या हंगामाच्या सुरुवातीला त्या भिंतीवरचं त्याचं २१चं चिन्ह काढून तिथे दारूच्या ब्रँडची जाहिरात लावली. त्याच्या मुलाने आणि लोकांनी विचारलं, मग क्लबने चूक मान्य करून ते परत लावलं. ज्याने ती जागा विकायला काढली त्याला भिंत २१ फूट का आहे हे माहीत नसावं, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

स्टार्जेल हा १९७९च्या वर्ल्ड सिरीज विजेत्या संघाचा बाप. त्याला सगळे ‘पॉप्स’च म्हणत. चांगलं खेळलेल्याला तो टोपीवर शिवायला सोनेरी चांदणी द्यायचा. १–३ असे मागे पडल्यावर बाल्टिमोरविरुद्ध तीन मॅच ओळीने जिंकल्या, त्यातल्या शेवटच्या मॅचला निर्णायक होमरन ३९ वर्षांच्या पॉप्सचा. नवं मैदान, पीएनसी पार्क, ९ एप्रिल २००१ला सुरू झालं, त्या दिवशी पहाटे तो वारला. पुतळ्याचं अनावरण दोनच दिवस आधी झालं होतं. १९७९पासून आजपर्यंत क्लबला वर्ल्ड सिरीज मिळालेली नाही.

गेलेल्यांची गोष्ट १४ ऑक्टोबर १९९२ला सुरू होते. वर्ल्ड सिरीजला जाण्यासाठीची शेवटची मॅच, अटलांटाविरुद्ध २–० पुढे, नववी इनिंग; दोन आऊट झाले तेव्हा २–१. आणखी एक आऊट हवा होता. फ्रान्सिस्को काब्रेराने चेंडू डावीकडे मारला, बॅरी बाँड्सने उचलून होम प्लेटकडे फेकला आणि दुखऱ्या गुडघ्यांचा सिड ब्रीम घसरत आत पोहोचला. ब्रीम दोन वर्षांपूर्वी पायरेट्सचा होता. बाँड्सची ती पिट्सबर्गसाठी शेवटची मॅच. त्या हिवाळ्यात तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. नंतर ओळीने २० हंगाम पराभव विजयांपेक्षा जास्त राहिले. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढी लांब रांग दुसऱ्या कुठल्या संघाची नाही.

त्या वर्षांतली एक बातमी आपल्याकडची आहे. २००८मध्ये भारतात वेगाने चेंडू फेकणाऱ्यांची स्पर्धा झाली, अंतिम फेरी मुंबईत. त्यातून उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, अमेरिकेत आले आणि पायरेट्सनीच त्यांना करारबद्ध केलं. दोघं मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. पण त्या स्पर्धेआधी कधी बेसबॉल हातात न धरलेल्या मुलांना घ्यायची हिंमत या क्लबने दाखवली, आणि त्या हिवाळ्यात ऑफिसातले लोक पहिल्यांदाच मला बेसबॉलबद्दल प्रश्न विचारायला लागले.

मग २०१३ आलं. ९४ विजय, आणि १ ऑक्टोबरच्या रात्री सिनसिनाटीविरुद्धची बाद फेरीची मॅच. सगळं मैदान काळ्या कपड्यांत, ४० हजार गळ्यांतून समोरच्या पिचरच्या नावाचा एकच सूर: ‘क्वेऽऽटो’. त्याच्या हातून चेंडू निसटून खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. माझ्या शेजारची बाई रडत होती. त्या संघाचा प्राण अँड्र्यू मॅककचन, त्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. जानेवारी २०१८मध्ये गेरिट कोल ह्यूस्टनला आणि मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला, दोघांची दोन दिवसांच्या अंतराने बदली झाली. २०२३ला मॅककचन परत आला. पहिल्या मॅचला लोक उभे राहिले ते लवकर बसेनात.

हे असं का होतं, ते क्रिकेटवाल्या वाचकाला सांगायला हवं. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली सारखी असते. बेसबॉलमध्ये तशी मर्यादाच नाही. नवा खेळाडू साधारण सहा हंगाम त्या क्लबशी बांधलेला असतो, पहिली तीन वर्षं अगदी थोड्या पगारावर. मग तो मोकळा होतो आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस त्याच्या दारात उभे राहतात. म्हणून छोटे क्लब सहावं वर्ष उजाडण्याआधीच त्याला देऊन बदल्यात कोवळी पोरं घेतात. याच शहरात, याच रंगांत खेळणाऱ्या स्टीलर्सकडे सहा सुपर बोल आहेत आणि पेंग्विन्सकडे पाच स्टॅनली कप. त्यांच्या लीगमध्ये पगारावर मर्यादा आहे. पण एवढं कारण मला पुरेसं वाटत नाही. मिलवॉकी काही श्रीमंत बाजारपेठ नाही, तरी २०२५मध्ये सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त मॅच त्यांनी जिंकल्या, ९७. आम्ही जिंकल्या ७१. मालकांनी खर्च करायला हवा होता तिथे केला नाही, हे माझं ठाम मत आहे.

आणि अशा क्लबकडे आज पॉल स्कीन्स आहे. २०२३च्या ड्राफ्टमधली पहिली निवड. ११ मे २०२४ला पहिली मॅच, त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित, आणि २०२५मध्ये एकमताने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. त्या हंगामात १८७ इनिंगमध्ये २१६ स्ट्राइकआऊट आणि १.९७ची सरासरी, म्हणजे नऊ इनिंगमागे दोन धावाही नाहीत. तरी त्याचा हिशेब १० विजय, १० पराभव, कारण आमची बॅटिंग त्याला धावाच देत नव्हती. त्याचा एक चेंडू स्प्लिटर आणि सिंकर यांच्या मधला, वेगाने येऊन शेवटच्या क्षणी खाली बसणारा. वरच्या मजल्यावरून तो चेंडू दिसत नाही, बॅटरचा गुडघा वाकलेला दिसतो. त्याच्या पदार्पणाच्या शर्टाचा तुकडा असलेलं कार्ड एका ११ वर्षांच्या मुलाला मिळालं, तेव्हा क्लबने त्याला ३० वर्षांच्या सीझन तिकिटांचा प्रस्ताव दिला. मुलाने ते लिलावात विकलं, ११ लाख डॉलरला. ३० वर्षांचा शब्द द्यायची तयारी कार्डासाठी होती. ती पिचरसाठी हवी. २०२९च्या हंगामानंतर तो मोकळा होतो.

त्याच्या मागे उगवणारी मुलंही आहेत. बबा चँडलर ऑगस्ट २०२५मध्ये वर आला. पण माझा जीव कॉनर ग्रिफिनवर आहे. मिसिसिपीचा शॉर्टस्टॉप, वॅग्नरच्या जागेवर खेळणारा. २०२५मध्ये, १९ वर्षांचा असताना, त्याने मायनर लीगच्या तीन पायऱ्या एकाच हंगामात चढल्या: .३३३ची सरासरी, २१ होमरन, ६५ चोरलेले बेस. त्याला बघायला मी ऑल्टूनाला, क्लबच्या दुय्यम संघाच्या मैदानावर, गेलो. छोटं मैदान, राईट फील्डच्या भिंतीमागे करमणुकीच्या बागेतला लाकडी रोलर कोस्टर. मॅच संपल्यावर पोरं कठड्याशी टोप्या आणि चेंडू घेऊन रांगेत उभी राहिली, आणि त्यांच्यामागे, एकविसाचा शर्ट घातलेला एक म्हातारा, हातात पेन घेऊन.