मतपेटी, लांडगा आणि कुंपण

लांडगा हा आपल्या ओळखीचा प्राणी. दख्खनच्या माळरानावर मेंढ्या घेऊन हिंडणारा धनगर संध्याकाळी वाघर लावून मेंढ्या आत घेतो, तरी त्याच्या कुत्र्यांचा कान रात्रभर बाहेरच असतो. पण लांडगा नाहीसा झाला, पाऊणशे वर्षे लोकांनी त्याच्यावाचून गुरे राखली आणि मग शहरवासीयांनी मते देऊन त्याला परत आणले, असे काही आपल्याकडे घडलेले नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ते घडले आहे.

तेथील अखेरचे लांडगे १९४० च्या दशकात मारले गेले. विष, सापळे आणि बक्षिसे यांच्या जोरावर त्यांचा नायनाट करणे हे तेव्हा सरकारमान्य कार्यच होते. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये, लांडगे पुन्हा सोडावेत काय, हा प्रश्न मतदारांपुढे ठेवण्यात आला आणि सुमारे ५१ टक्के मतांनी होकार मिळाला. होकाराचा मोठा भार डेन्व्हर, बोल्डर अशा पूर्वेकडील शहरांचा. लांडगे मात्र सोडावयाचे ते रॉकी पर्वताच्या मुख्य रांगेपलीकडे, पश्चिमेस. डिसेंबर २०२३ मध्ये ऑरेगन राज्यातून आणलेले १० लांडगे सोडले गेले. पुढल्याच एप्रिलमध्ये त्यांनी पहिले वासरू मारल्याची सरकारी नोंद झाली. जानेवारी २०२५ मध्ये कॅनडातून आणखी १५ आले.

रँच म्हणजे केवळ मोठा गोठा नव्हे. हिवाळा सरता सरता गाई घराजवळच्या कुरणात वितात. उन्हाळ्यात कळप डोंगरावर चढतो, पुष्कळदा परवान्याने मिळालेल्या सरकारी जमिनीवर, आणि शरद ऋतूत खाली उतरतो. डोंगरावर शेकडो गुरे झाडीतून, दऱ्यांतून पांगलेली आणि राखणीला एखाददुसरा घोडेस्वार. खाली उतरताना मोजणी होते. वासरे कमी भरतात. ती कशाने गेली? रोगाने, विजेने, अस्वलाने, की लांडग्याने?

महसूल खात्यातील नोकरीमुळे पंचनामा या शब्दाशी माझे जुने नाते आहे. म्हणून तेथील पंचनाम्याची रीत मला विशेष लक्षणीय वाटली. तपासणारा अधिकारी मृत जनावराचे कातडे सोलून पाहतो. जनावर जिवंत असताना दात बसले असतील, तर कातड्याखाली रक्त साकळलेले आढळते. मेल्यानंतर लचके तोडले असतील, तर तसे दिसत नाही. मात्र त्यासाठी कलेवर हाती लागावयास हवे, आणि तेही ताजे. भरपाईची मर्यादा एका जनावरामागे १५,००० डॉलर इतकी उदार आहे. सतत भेदरलेल्या गाईंचे वजन घटते, त्या कमी गाभण राहतात. त्या तोट्याचाही दावा करता येतो. राज्यातील एकूण गुरांच्या मानाने हानी किरकोळ आहे हे खरे. पण ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. एखाद्याच रँचवर कळप ठाण मांडतो, आणि त्या घराची झोप सरासरीने मोजता येत नाही.

उपाय आहेत. मेलेले जनावर तत्काळ पुरावे किंवा हलवावे, म्हणजे वास सुटत नाही. मेंढ्यांबरोबर राखणीची दांडगी कुत्री ठेवावीत. दोरीला लाल कापडाच्या पट्ट्या टांगून कुरणाभोवती ती ताणावी. लांडगा नवलाईला भितो, पट्ट्यांखालून जाण्यास बिचकतो. काही आठवड्यांनी तो सरावतो, एवढीच अडचण.

आता दुसरे पाहुणे. शहरातून येणारा मनुष्य बहुधा ३५ एकरांचा तुकडा घेतो. याचे कारण निसर्गप्रेम नव्हे, कायदा! १९७२ पासून त्या राज्यात ३५ एकर वा त्याहून मोठ्या तुकड्यांना जमीन-विभागणीचे नियम लागू होत नाहीत. शेजाऱ्याची गाय बागेत शिरली की तो तक्रार घेऊन जातो, आणि गुरे आत नको असतील तर कुंपण आपणच घालावयाचे असते, हा तेथील जुना कायदा त्याला तेव्हा कळतो. त्याचा लाडका कुत्रा मोकाट सुटून वासरांमागे धावतो; पक्ष्यांसाठी ठेवलेले दाणे अस्वलाला दारी आणतात. अशा नवागतांसाठी लॅरिमर जिल्ह्याचे एक लोकनियुक्त आयुक्त जॉन क्लार्क यांनी १९९० च्या दशकात ग्रामीण जीवनाची एक सूचनावलीच लिहिली. बर्फ पडल्यावर रस्ता मोकळा होईलच असे नाही, रुग्णवाहिकेला वेळ लागेल, गुरांना दुर्गंधी असते, अशा साध्या गोष्टी तीत सांगितल्या आहेत. इतर जिल्ह्यांनीही तिचे अनुकरण केले.

वृद्ध रँचमालक कंटाळून जमीन विकतो तेव्हा तिचे असे तुकडे पडतात. मग रस्ते येतात, दिवे येतात, आणि हिवाळ्यात तेथे उतरणारे एल्क हरीण वाट बदलते. एल्क हेच लांडग्याचे मुख्य भक्ष्य. म्हणजे लांडग्याला शिव्या देणाऱ्या माणसाच्या मोकळ्या कुरणावाचून लांडग्याचेही चालत नाही. हे ध्यानात घेऊन काही नवे जमीनमालक आपले गवत शेजारच्या रँचला चराईसाठी देतात. करारात दर ठरतो, मुदत ठरते, आणि कुंपणाची डागडुजी कोणी करावयाची यावर मात्र पुष्कळ वेळ घासाघीस चालते.